न पाहता दाखला देऊ नका

प्रति,
पेठ, सुरगाणा आणि कळवण तालुक्यांतल्या, तसेच त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी आणि बागलाणमधल्या अनुसूचित गावांच्या ग्रामसभांचे सर्व सभासद

रामराम.

मी नाशिकला राहतो. सरकारी हिशेब तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालो. एकतीस वर्षांत तुमच्या तालुक्यांतल्या बऱ्याच ग्रामपंचायतींचं दप्तर माझ्या हाताखालून गेलं. तुमच्यापैकी कुणाला माझा चेहरा आठवणार नाही, कारण आम्ही तुमच्या गावात येतच नव्हतो. तुमचं गाव गाठोड्यात बांधून आमच्याकडे येत होतं.

गाठोडं खरोखरच गाठोडं असायचं. नमुना ५ ची रोकडवही, करांच्या नोंदींचे नमुना ८ आणि ९, प्रमाणकांच्या म्हणजे खर्चाच्या पावत्यांच्या फायली, बँकेचं पासबुक, मोजमाप पुस्तिका, सगळं एका फडक्यात. ग्रामसेवक पहाटेच्या एसटीने तालुक्याला यायचा, पंचायत समितीच्या एखाद्या रिकाम्या खोलीत आमचं पथक बसलेलं असायचं, त्याच्यासमोर तो गाठ सोडायचा. संध्याकाळपर्यंत एका गावाचं वर्ष तपासून व्हायचं. कधी दोन गावांचं. दुपारचं जेवण कुणीतरी आणायचं. कोंबडी असायची. हजारो प्रमाणकं तपासली, पण त्या जेवणाचं बिल कोणत्या प्रमाणकात बसलं असेल, हे आमच्यातल्या कुणी कधी शोधलं नाही. मीही नाही.

निवृत्तीनंतर एकदा एका नातलगाबरोबर सुरगाण्याच्या पलीकडे जाणं झालं. वाटेत एका पाड्याचं नाव कानावर पडलं आणि मी गाडी थांबवायला सांगितली. त्या पाड्याच्या ओढ्यावरच्या मोरीचं बिल मी तपासलं होतं. इतक्या वर्षांनी नाव लक्षात राहिलं, कारण त्या बिलावर मी आक्षेप घेतला होता. ठेकेदाराच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट नव्हतं. मी अर्धसमास, म्हणजे लेखी विचारणा, दिला, ग्रामसेवकाने तिकीट चिकटवून आणलं, आणि शक, आमच्या भाषेत आक्षेप, वगळला गेला. माझ्या लेखी ती मोरी स्वच्छ झाली.

जागेवर गेलो. मोजमाप पुस्तिकेत सिमेंटच्या नळ्यांच्या दोन रांगा होत्या, ९०० मिलिमीटरच्या. ओढ्यात एकच रांग होती, आणि नळी एवढी की तिच्यातून शेळी जाईल, वासरू अडकेल. खाली दोघी बायका कपडे धूत होत्या. मी विचारलं, मोरीचा उपयोग होतो का? त्यातली वयस्कर बाई म्हणाली, "मोरी हाय की. पावसात पाणी तिच्या डोक्यावरनं जातं आन् पोरं घरी राहत्यात." नळ्यांची दुसरी रांग कुठे गेली, हे ती मला सांगू शकली असती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्याने विचारायचं तो मी तिकीट शोधत होतो.

म्हणून हे पत्र. ते खात्याला लिहिलं असतं तर आवक क्रमांक पडून फाइलला लागलं असतं. तुम्हाला लिहितोय, कारण या सगळ्या कारभारात एक कागद, पैसे कामावर लागल्याचा दाखला, असा आहे की जो कायद्याने फक्त तुम्हीच देऊ शकता. बहुतेक गावांत तो तुमच्या नावाने कुणी तरी दुसराच लिहितो.

आधी पैशाची वाट सांगतो. तुमच्या गावांत घरपट्टी-पाणीपट्टीतून येणारं उत्पन्न किती, ते तुम्ही जाणता. त्यात दिवाबत्तीचं बिलही निघत नाही. बाकी सगळं अनुदान. १५ व्या वित्त आयोगाचे जे पैसे राज्याला आले, त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, असं आपल्याकडचं वाटप होतं. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. त्याशिवाय तुमच्या भागाला पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालचा, ५ टक्के अबंध निधी आहे. आदिवासी उपयोजनेच्या पैशातला हा वाटा २०१५ च्या शासन निर्णयापासून थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि गावागावांच्या, पाड्यापाड्यांच्या ग्रामसभा कोषासाठी असतो. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि वन-जल संवर्धन असे त्याच्या खर्चाचे विषय ठरलेले आहेत. बाकडी आणि कचराकुंड्या हे काही त्यातले मुख्य विषय नव्हेत, पण गावोगाव नजर टाकली तर तसं वाटत नाही.

अनुदानाची गंमत अशी की ते "वरून" येतं. हा शब्द मी हजारदा ऐकला. विहीर वरून आली, सोलर दिवा वरून आला, पेव्हर ब्लॉक वरून आले. गणपतीची वर्गणी अकरा रुपये दिली तर माणूस अनंत चतुर्दशीनंतर हिशेब मागतो. लाखांची विहीर वरून आली तर ती पावसासारखी, पडेल तेवढी आपली. आणि पैसा वरून आला म्हणून हिशेबही वरच जातो. ग्रामपंचायत तालुक्याला सांगते, तालुका जिल्ह्याला, जिल्हा मुंबईला. ज्यांच्या विहिरीचा हिशेब आहे, त्यांच्या पाड्यावर तो कधी उतरत नाही.

मधल्या काळात हे सगळं ऑनलाइन झालं. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज आलं. आधीच्या वर्षाचे हिशेब आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर दिसल्याशिवाय वित्त आयोगाचा निधी नाही, अशी अट आली. अट चांगलीच होती. पण तिचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला: लेखापरीक्षण हे पुढच्या हप्त्याचं तिकीट झालं. तिकीट फाडून गाडीत बसायची घाई सगळ्यांनाच, गाडी कुठे चाललीय ते नंतर. "झालं का अपलोड?" हा एकच प्रश्न उरला.

आता मुद्द्याचं. दोन कायदे आहेत, दोन्ही जुने.

पहिला, आपला १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. त्याचं कलम ८ सांगतं की आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्रामसभेची पहिली बैठक घ्यायची आणि तिच्यासमोर वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, नव्या वर्षात करायची कामं आणि शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी, तिला दिलेल्या उत्तरांसकट, ठेवायची. म्हणजे १ मेची ग्रामसभा. आठवून पाहा, तुमच्या गावात १ मे रोजी झेंडावंदनानंतर लेखापरीक्षा टिप्पणी कुणी वाचून दाखवली आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही आठवेना. टिप्पणी कशी दिसते तेही माहीत नव्हतं. साधी असते. एका बाजूला आमचा शक, समोर ग्रामपंचायतीचं अनुपालन, म्हणजे उत्तर. अनुपालनाची भाषा मला पाठ आहे: "यापुढे दक्षता घेण्यात येईल." "पुढील लेखापरीक्षणावेळी दाखविण्यात येईल." एका ग्रामपंचायतीने सलग सहा वर्षं यापुढे दक्षता घेतली होती. असे शक साठत जातात, नमुना २७ मध्ये त्यांचं विवरण दर महिन्याला पाठवायचं असतं, आणि माणसं बदलत राहतात. सरपंच बदलतो, ग्रामसेवक बदलून जातो, आम्ही निवृत्त होतो. वसुलीपर्यंत, भार-अधिभारापर्यंत, म्हणजे जबाबदार माणसाच्या अंगावर रक्कम लावण्यापर्यंत, प्रकरण जाणं विरळा.

दुसरा कायदा फक्त तुमचा आहे. पेसा, डिसेंबर १९९६ चा. त्याच्या कलम ४ मध्ये एक वाक्य आहे, जे मी नोकरीत असताना वाचलं होतं पण ज्याचं वजन मला त्या मोरीवर उभं राहिल्यावर कळलं. गावपातळीवरच्या प्रत्येक पंचायतीने योजना, कार्यक्रम आणि प्रकल्पांवर केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेतलंच पाहिजे, असं ते वाक्य आहे. अभियंत्याचा मूल्यांकन दाखला, विस्तार अधिकाऱ्याचा शेरा, आमची टिप्पणी, हे सगळं असतंच. पण अनुसूचित क्षेत्रात पैसे योग्य जागी लागले हे सांगण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हा अधिकार नाही. सिन्नरला नाही, येवल्याला नाही. तुम्हाला आहे. आणि पेसात गाव म्हणजे महसुली गावच असं नाही. ज्या वस्तीतले लोक आपला कारभार आपल्या रूढीप्रमाणे चालवतात, तो पाडाही गाव होऊ शकतो.

मग तो दाखला आम्हाला फायलीत दिसत नव्हता का? दिसायचा. ठरावाची नक्कल, सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर", आणि खाली सह्या-अंगठ्यांची रांग. त्या रांगेत एकाच पेनाने, एकाच हाताच्या वळणाने केलेल्या सह्या मी ओळखत होतो. शक काढला का? एकदा काढला. उत्तर आलं: "यापुढे दक्षता घेण्यात येईल."

तर माझी विनंती एवढीच आहे की जे काम तुम्ही पाहिलं नाही त्याचा दाखला देऊ नका, आणि कोऱ्या ठरावबुकावर अंगठा उठवू नका. हजेरी म्हणून सही करताना पानाच्या वर काय लिहिलंय ते शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

पाहायचं कसं, ते सांगतो, कारण हे मला येतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ग्रामसभेच्या आधी, शिवारफेरी काढा. त्याआधी ग्रामपंचायतीकडून वर्षभरात पैसे खर्ची पडलेल्या कामांची यादी घ्या. ती मिळत नसेल तर "मेरी पंचायत" या ॲपवर किंवा ई-ग्रामस्वराजवर तुमच्या ग्रामपंचायतीचं नाव टाकलं की कोणत्या कामावर किती पैसे गेले ते दिसतं. रेंज नसेल तर ज्या टेकाडावर येते तिथे जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणा. प्रत्येक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची झेरॉक्स मागा. लांबी, रुंदी, जाडी, नग, एवढंच त्यात असतं, आणि ते मोजायला इंजिनिअर लागत नाही. विहिरीचा गाळ काढल्याचं बिल असेल तर मे महिन्यात विहिरीत उतरून पाहा. हातपंप दुरुस्ती असेल तर दांडा हलवा. एकाच हातपंपाची दुरुस्ती एका वर्षात तीन वेगवेगळ्या शीर्षांत निघालेली मी पाहिली आहे, आणि तिन्ही बिलं नियमात होती.

माहितीचा अधिकार वापरा म्हटलं की लोक अर्ज लिहिण्यात अडकतात. २००५ च्या त्या कायद्यात "माहितीचा अधिकार" म्हणजे नुसत्या नकला नव्हेत. कामाची प्रत्यक्ष तपासणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्यातच मोडतं. सिमेंटचा तुकडा मागता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही.

आणि डोंगल. हा विषय टाळता येणार नाही. आता चेक फाटत नाहीत. ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या झाल्या की पैसे जातात. त्या सह्या दोन डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या कांड्यांमध्ये, असतात. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवावी म्हणून दोन. मी कित्येक ठिकाणी ते दोन्ही एकाच टेबलाच्या खणात, एकाच रबरबँडमध्ये गुंडाळलेले पाहिले आहेत, पासवर्डची चिठ्ठीही त्यातच. तुमच्या सरपंच बाई असतील, आणि बऱ्याच गावांत आहेत, तर त्यांना ग्रामसभेत मायेने एवढंच विचारा: ताई, तुमचं डोंगल कुठंय? ते त्यांच्या पिशवीत असायला हवं. नवऱ्याच्या खिशातही नको.

हे लिहिताना एक धोका मला दिसतोय आणि तो सांगितला नाही तर पत्र अर्धं राहील. हिशेबाची तपासणी भावकीचं वैर काढायला वापरू नका. पडलेल्या उमेदवाराने निवडून आलेल्याचं दप्तर मागायचं आणि तडजोड झाली की अर्ज मागे घ्यायचा, हा धंदाही मी जवळून पाहिलाय. चूक आणि चोरी यांत फरक करा. तुमचा ग्रामसेवक, आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, बहुतेक वेळा दोन-तीन गावांचा कार्यभार ओढत असतो. पावसाळ्यात घाट बंद, वीज नाही, आणि तालुक्याहून फोन की आज रात्रीपर्यंत माहिती भरा. त्याच्या रोकडवहीत खाडाखोड सापडेल. ती चोरी नव्हे. नळ्यांची एक रांग गायब असणं ही वेगळी गोष्ट. तिकीट नसलेली पावती आणि नळी नसलेली मोरी एकाच टिप्पणीत एकाच ओळीने लिहिण्याची चूक आमच्या खात्याने आयुष्यभर केली. तुम्ही करू नका.

"मोठी चौकशी लागली पाहिजे" असं कुणी म्हणेल. चौकश्या लागतात. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या वर्षांतल्या योजनांमधल्या गैरव्यवहाराची चौकशी करायला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती २०१४ साली नेमली गेली, तिचा अहवाल आला २०१७ मध्ये. मग त्या अहवालावर काय कारवाई करायची हे ठरवायला आणखी एक समिती. या विभागाचं आयुक्तालय इथेच, आपल्या नाशकात आहे. ज्याच्या नावावर त्या योजनांतलं डिझेल इंजिन लिहिलं गेलं, तो शेतकरी तोवर म्हातारा झाला. मोठ्या चौकशीला माझा विरोध नाही, ती व्हावीच. पण तिची वाट पाहत बसलेल्या गावाची मोरी अरुंदच राहते.

राजस्थानात १९९४ साली मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी एक साधी गोष्ट केली होती. सरकारी हजेरीपट मिळवले आणि गावात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. अमुक माणूस अमुक कामावर इतके दिवस. तो माणूस समोर बसलेला, तो म्हणे, मी तर गेलोच नव्हतो. त्याच वाचनातून पुढे सामाजिक अंकेक्षणाची कल्पना आणि माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली. मी प्रशिक्षणांमध्ये सामाजिक अंकेक्षणाच्या स्लाइडी पाहिल्या आहेत, रंगीत बाणांच्या. त्यांपेक्षा त्या हजेरीपटाच्या वाचनात मला जास्त हिशेबशास्त्र दिसतं. वाचन मोठ्याने व्हायला हवं आणि ज्याच्या दारातलं काम आहे त्याच्या कानावर पडायला हवं. तुमच्याकडे कोकणा लोकांची कोकणी बोलतात तिथे कोकणीत, वारलीत बोलतात तिथे वारलीत. "आक्षेपाधीन रक्कम" हा शब्द पाड्यावर वाचून काय उपयोग? "हे पैसे कुठे गेले ते कळत नाही" असं म्हणा.

दाखला नाकारला तर काय होईल, ही भीती मला माहीत आहे. "पुढचा निधी अडेल, गावाचं नुकसान होईल" असं तुम्हाला तालुक्याहून सांगतील. त्यावर ठरावातच लिहा: या या कामांचा दाखला देतो, या कामाचा देत नाही, कारण जागेवर अमुक इतकं कमी आहे. बाकीची कामं चांगली झाली असतील तर तसंही लिहा, नावानिशी लिहा. चांगलं काम करणाऱ्या सरपंचाला तेवढीच पावती मिळते. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्याला आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या नाशिक कार्यालयाला पाठवा, पोच घ्या. पुढच्या वर्षी माझ्या जागी बसलेला जो कुणी असेल, त्याच्यासमोर गाठोडं सुटेल तेव्हा त्यात तो ठराव असेल. तो तिकीट शोधणार नाही. शोधलंच तर निदान लाजत शोधेल.

येत्या १ मेच्या आधी ज्या पाड्याला शिवारफेरीत एक जास्तीचा माणूस चालणार असेल, त्यांनी बोलवावं. पेठ-सुरगाण्याची गाडी कुठून सुटते ते मला माहीत आहे. पन्नास फुटी टेप माझ्याकडे आहे. जेवणाची व्यवस्था करू नये, डबा मी घरून आणीन.

तुमचा,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
नाशिक